वारा लागू नये म्हणून

आमच्या न्हाणीघरात पाणी कोमट येऊ लागलं तेव्हा बाळ बारा दिवसांचं होतं. जानेवारीचा पहिला आठवडा. पारनेरच्या माळावरून येणारा वारा सकाळी नऊ वाजताही अंगाला झोंबत होता, आणि घरातल्या सगळ्यांना एकच भीती होती: या बाळाला काही होता कामा नये. माझा मुलगा कल्याण आणि सून सुकन्या यांचं पहिलं बाळ दोन वर्षांपूर्वी जन्मल्यावर आठच दिवसांत गेलं होतं. डॉक्टर न्यूमोनिया म्हणाले. आमच्या घरात मात्र थंडी बाधली असंच बोललं गेलं. सुकन्याला आई नाही, म्हणून हेही बाळंतपण आमच्याकडेच झालं.

मी इथल्या हायस्कुलात एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. वर्गावर कधी गेलो नाही, तरी गावातले लोक मला गुरुजी म्हणतात. पहिल्याच वेळी ते दुरुस्त करायला हवं होतं. तेवढं धाडस झालं नाही, मग राहूनच गेलं.

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला भीमाबाई येत. सत्तरीची बाई, पण मनगट सुताराचं. पहिल्या दिवशी न्हाणीघरात पाऊल टाकताच त्यांनी वर पाहिलं. तिथे काचेच्या आडव्या पट्ट्यांची छोटी खिडकी आहे.

"गुर्जी, ही खिडकी हाय का चाळन? वारा कसा शिट्टी मारतोय बघा की."

"पट्ट्या मिटल्यात," मी म्हणालो.

"मिटल्यात म्हनं! बोट जातंय माझं. मागल्या लेकराचं काय झालं, इसरलात व्हय? बाळंतिनीला वारा न्हाई लागला पायजे."

माझी बायको सत्यशीला माझ्याकडे बघत म्हणाली, "अहो, एवढं तरी करा."

मी केलं. जाड प्लास्टिक आणलं, खाकी चिकटपट्टी आणली. आतल्या वाफेने चिकटपट्टी सुटेल म्हणून परसातून, बाहेरच्या बाजूने लावलं. पुस्तकाला कव्हर घालताना कोपरे दुमडतात तसे चारही कोपरे दुमडले. भिंतीत वर एक गोल भोक होतं, त्यात चिंध्या कोंबल्या. दाराच्या खालच्या फटीसाठी सत्यशीलाने जुन्या लुगड्याची लांब वळकटी शिवली. अंघोळीला बसलं की ती आतून दाराशी सारायची. दुसऱ्या दिवशी भीमाबाई म्हणाल्या, "आता कसं! मुंगी सुदिक शिरायची न्हाई." माझ्या हातच्या कामाला कुणी चांगलं म्हणण्याची मला सवय नाही. दिवसभर बरं वाटत राहिलं.

आमच्याकडे गॅसचा गिझर आहे. सकाळी लाइट जाते म्हणून कल्याणने तो न्हाणीघरातच भिंतीवर बसवून घेतला. सिलिंडर बाहेर परसात, नळी भिंतीतून आत. नळ सोडला की आत टक टक टक असा आवाज होतो आणि मग भप्पकन ज्योत पेटते. मला त्या भप्पचीच भीती वाटते. मी हात लांब करून, तोंड फिरवून नळ सोडतो.

खिडकी बंद केल्याला चार दिवस झाले असतील. भीमाबाई न्हाणीतून पदराने हात पुसत बाहेर आल्या.

"गुर्जी, पानी कोमट येतंय. असल्या पान्यानं आमच्या म्हशी बी न्हानार न्हाईत."

कल्याण सुप्याच्या एका कारखान्यात आहे. पहाटे सहाला निघतो, दुपारी चारला येतो. दिवसा घरात पुरुष माणूस मी एकटा, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. गिझरच्या खालचे दोन जाड सेल बदलले. सिलिंडर हलवून पाहिला आणि हलका वाटला म्हणून भरलेला लावला. पाण्याची धार बारीक ठेवली की पाणी जास्त तापतं असं शेजाऱ्यांकडून ऐकलं, तेही केलं. रोज वहीत लिहून ठेवत होतो. पहिली बादली कडक, दुसरी बरी, तिसरी कोमट. रोज हेच. कोमट पाण्याने न्हायला वेळ जास्त लागतो, म्हणून गिझर जास्त वेळ चालू राही, आणि जितका जास्त चाले तितकं पाणी कोमट होई. याचा अर्थ काय ते मला कळत नव्हतं.

शेवटी प्लंबर बजरंगला बोलावलं. पाणी आत शिरतं तिथली जाळी त्याने काढून दाखवली. तिच्यावर चुन्यासारखा पांढरा थर बसला होता.

"बोअरचं पाणी, गुरुजी. आपण दगड पितोय दगड."

त्याने जाळी धुतली, दार सताड उघडं ठेवून नळ सोडला, आणि हात झटकन मागे घेतला. "घ्या! आता यातच चहा टाका."

तो गेला. दुसऱ्या दिवशी तिसरी बादली पुन्हा कोमट. मी त्याला फोन केला.

"गुरुजी, माझ्यासमोर नीट चालतं अन् तुमच्यासमोर बिघडतं. तुम्हाला घाबरतंय का काय ते?"

मी हसलो, पण मनात म्हटलं, खरंच माझंच काहीतरी चुकत असणार. काय चुकतंय याचा मात्र नीट विचार केला नाही. चूक आपली आहे एवढं ठरलं की मी तिथेच थांबतो, ही माझी जुनी खोड.

याच दिवसांत सुकन्याचं डोकं दुखू लागलं. अंघोळ करून बाहेर आली की भिंतीला धरून चालायची. एकदा उलटी झाली. बाळंतपणाचा अशक्तपणा, असं सत्यशीला म्हणाली. भीमाबाई म्हणाल्या, दृष्ट लागली, आणि मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. "माझंबी डोस्कं जड हुतंय हल्ली," त्या सहज म्हणाल्या, "वय झालं, दुसरं काय."

आणि बाळ झोपायचं. न्हाऊन आलं की चार-चार तास. दुधाच्या वेळेलाही उठायचं नाही. याचं घरात सगळ्यांना केवढं कौतुक होतं! भीमाबाईंच्या हाताला गुण आहे, असं सत्यशीला फोनवर बहिणीला सांगायची. मी मात्र पाळण्याशी जाऊन बाळाच्या नाकाखाली बोट धरत असे. एकदा तिने पकडलं.

"काय करताय?"

"श्वास बघतोय."

"अहो, शुभ बोलायचं सोडून! काहीतरी वाचायचं आणि घाबरून बसायचं. मागे कुत्रं नुसतं अंगावर भुंकलं तर डॉक्टरकडे गेला होतात."

गेलो होतो, खरं आहे.

त्या दिवशी आठवडी बाजार होता. सत्यशीला लाडवांसाठी डिंक आणि खारीक आणायला गेली. जाताना सांगून गेली, "भीमाबाई आधी बाळाला न्हाऊ घालतील आणि बाहेर देतील. दुपटं खाटेवर ठेवलंय. गुंडाळून घ्या फक्त."

सव्वानऊला भीमाबाई, सुकन्या आणि बाळ आत गेले. थोड्या वेळाने दार चार बोटं उघडलं आणि वाफेतून भीमाबाईंचा हात बाहेर आला.

"घ्या वं, गुर्जी."

मी हात पुढे केले. पुन्हा मागे घेतले. तोवर मी बाळाला एकदाही उचललं नव्हतं. ओलं, निसरडं, मूठभर अंग. हातातून सुटलं तर?

"आतच राहू द्या, भीमाबाई. तुमचं सगळ्यांचं झालं की एकदमच घेऊ. मला धरता येत नाही."

"अगं बया, नातीला भ्यायलं म्हातारं!" आतून दोघी हसल्या. दार लागलं, कडी सरकली, वळकटी दाराशी दाबल्याचा आवाज आला.

मी मधल्या खोलीत जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी बजरंग पुन्हा येणार होता. त्याला विचारायला चार प्रश्न तरी तयार असावेत म्हणून गिझरची माहितीपुस्तिका काढली. गिझर आला तेव्हाच मी तिला खाकी कव्हर घालून कपाटात ठेवली होती. आत काय लिहिलंय ते वाचलं नव्हतं. पुढची पानं इंग्रजी, मागची हिंदी, अक्षर मुंगीएवढं. शेवटून दुसऱ्या पानावर तक्ता होता. डाव्या रकान्यात तक्रार होती, 'पाणी पुरेसं गरम होत नाही'. उजवीकडे कारणं. सेल. सिलिंडर. पाण्याचा जोर. जाळी. ही चारही करून झाली होती. पाचवं कारण होतं, ज्योतीला हवा कमी पडत असेल. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर यंत्र लगेच बंद करा. आणि खाली काळ्या चौकटीत सूचना होती की हे यंत्र बंद न्हाणीघरात लावू नये, तिथे विषारी वायू साचतो, त्याला वास नसतो, त्याने माणूस मरतो.

ज्योत मी पाहिली होती. गिझरच्या छोट्या झरोक्यातून, दोनच दिवसांपूर्वी. पिवळी होती, समईच्या वातीसारखी. मला ती छान वाटली होती. बजरंगने दार उघडं ठेवून गिझर चालवला तेव्हा मात्र ती निळी होती.

भिंतीवरच्या घड्याळात नऊ चाळीस झाले होते.

मी न्हाणीच्या दारापाशी गेलो. आत पाणी पडत होतं. टक टक करायला हात वर केला आणि तसाच ठेवला. आत माझी सून होती, तेल लावून अंघोळीला बसलेली. ती स्वयंपाकघरात असली तरी मी आधी खाकरतो आणि मग आत जातो. लग्नाला चार वर्षं झाली, तिला नावाने हाक मारलेली नाही. आणि समजा माझं चुकत असलं तर? कुत्र्याच्या वेळी चुकलं होतं. घाबरून त्यांनी दार उघडलं, ओल्या बाळाला वारा लागला आणि त्यालाच काही झालं तर? मग ते माझ्यामुळेच होणार. मी हलक्या आवाजात "भीमाबाई" म्हणालो. मलाच ते नीट ऐकू आलं नाही.

कल्याणला फोन लावला. बंद. कारखान्यात फोन आत नेऊ देत नाहीत, हे माहीत असून लावला. मग बजरंगला.

"बोला गुरुजी, कोमट?"

मी त्याला पिवळ्या ज्योतीचं सांगितलं, काळी चौकट वाचून दाखवली, खिडकीवरच्या प्लास्टिकचंही सांगितलं.

"खिडकी कुणी बंद केली?"

"मी."

"मला सांगायचं ना! आत कोणी आहे का आत्ता?"

"आहेत. बाळ पण आहे."

"अहो मग दार वाजवा! काय फोन करताय?"

"सूनबाई अंघोळ करतायत, बजरंग."

"गुरुजी!" तो ओरडला. "सिलिंडर बंद करा आधी. मी निघालो."

हे मला जमण्यासारखं होतं. दाराला हात न लावता करता येण्यासारखं. धावत परसात गेलो आणि सिलिंडरचा खटका फिरवला. आत गिझर विझला. थोड्या वेळाने भीमाबाईंचा आवाज आला, "गारच झालं की गं..." आवाज जड होता, झोपेतून उठल्यासारखा. पण आवाज होता. मला इतकं बरं वाटलं की मी भिंतीला टेकलो. पाणी गार झालंय, आता त्या दार उघडून मला ओरडतील. मी वाट पाहत राहिलो.

कुणी दार उघडलं नाही. पाणी पडायचंही थांबलं.

बाळ रडत नव्हतं.

मग मी खिडकीखाली स्टूल ओढलं, त्यावर चढलो आणि डोळे मिटून घेतले. हो, मिटून घेतले. तशा मिटल्या डोळ्यांनी चिकटपट्टी ओढू लागलो. मीच लावलेली होती. दुहेरी, कोपरे दुमडून. नखं तुटली, पट्टीचे तुकडे तुकडे निघत होते. शेवटी प्लास्टिक फाटलं. मी एक काच वर सरकवली. फटीतून ऊबदार दमट हवा तोंडावर आली. तिला कसलाच वास नव्हता. मी फटीला तोंड लावलं.

"भीमाबाई!"

काही नाही.

"सुकन्या! सुकन्या!"

काही नाही. आत कुठेतरी नळ थेंब थेंब गळत होता.

स्टुलावरून कसा उतरलो ते सांगता येणार नाही. दाराला खांदा दिला. कडी छोटी होती, पण आतून ती वळकटी दाबून बसली होती. तिसऱ्या धक्क्याला कडीचे स्क्रू निघाले. आत वाफ होती. सुकन्या पाटावर बसल्या बसल्या भिंतीला कलंडली होती, डोळे अर्धे उघडे. भीमाबाई पाय पसरून बसल्या होत्या, मान छातीवर. त्यांच्या पायांवर पंचात गुंडाळलेलं बाळ होतं, आणि पंचावर त्यांचा हात, अजून धरल्यासारखा. मी तो हात बाजूला केला. बाळाचं तोंड उघडं होतं. मी त्याला उचललं.

परसात खाटेवर गोधड्या वाळत घातल्या होत्या. तिथे त्याला ठेवलं, वाऱ्यात, ज्या वाऱ्यापासून आम्ही त्याला एवढं जपलं होतं त्यातच. नाकाखाली बोट धरलं. माझं बोट ओलं होतं, त्यावर वारा लागत होता. श्वास कुठला आणि वारा कुठला ते कळेना. आत दोघी होत्या. इथे थांबलो तर त्या जातील, आत गेलो तर इथे हे एकटं. गोधडीची एक घडी मी त्याच्यावर टाकली आणि आत धावलो. अंगावरची शाल सुकन्याभोवती लपेटली, काखेत हात घालून तिला ओढत दाराबाहेर आणलं. माझं वय अडुसष्ट. ओढताना मी ओरडत होतो, "कुणी आहे का! या हो! या!" हा आवाज माझ्यात होता हे मला तोवर माहीत नव्हतं.

शेजारची रेश्मा कुंपणावरून उडी मारून आली. तिने आणि मी मिळून भीमाबाईंना ओढलं. तेवढ्यात परसातून मांजराच्या पिल्लासारखा एक बारीक, चिरका आवाज आला. मग खोकला. मग पुन्हा तो आवाज. बाळ रडत होतं. बजरंग पाइपांचा छोटा टेम्पो घेऊन दारात उभा होता. त्याने पाइप रस्त्यावरच फेकून दिले आणि आम्हाला मागे बसवलं.

दवाखान्यात तिघींना ऑक्सिजन लावला. तासाभरात सुकन्या बोलू लागली. पहिलं वाक्य बाळाचं, दुसरं उलटीचं. सत्यशीला बाजारातून खारकेची पिशवी घेऊन तशीच आली होती. कल्याणही आला, कारखान्याच्या कपड्यांतच. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्या हातात कागद घेऊन उभ्या राहिल्या.

"आत कधी गेल्या?"

"सव्वानऊला."

"तुम्हाला कळलं कधी?"

"नऊ चाळीसला."

"आणि बाहेर कधी काढलं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. लगेच काढलं, असं म्हणता आलं असतं. बजरंगने काही सांगितलं नसतं.

"नऊ बावन्नला. टेम्पोत बसताना घड्याळ बघितलं, त्यावरून मागे मोजलं."

त्यांनी लिहून घेतलं. भीमाबाईंनी नाकावरचा मास्क बाजूला केला.

"बारा मिन्टं? बारा मिन्टं काय करत हुता वं, गुर्जी?"

"लाजत होतो," मी म्हणालो.

कुणी हसलं नाही. सत्यशीलाने पिशवी खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं. नंतर ती एवढंच म्हणाली, "खिडकी बंद करायला मीच सांगितलं होतं." त्यावर भीमाबाई म्हणाल्या, "मी सांगिटलं, मी. म्हातारीचं आयकता कशाला रं बाबांनो." मग कल्याणने बापाला विचारावं तसं नव्हे, तर कामावरच्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "प्लास्टिक काढलं का?"

"फाडलंय."

"गिझर मी आज उतरवतो."

डॉक्टरबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाळ दूध पितंय, हे चांगलं लक्षण आहे. पण इतक्या लहान मेंदूवर काय परिणाम झालाय ते आत्ता सांगता येत नाही. तीन महिन्यांची झाली की दाखवायला आणा. नजर फिरवते का, हाकेला मान वळवते का, ते घरी बघत राहा."

सुकन्या घरी आली तेव्हा पाणी परसात चुलीवर तापू लागलं होतं. न्हाणीची कडी मी पुन्हा बसवू दिली नाही. मला कुणी काही म्हणालं नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत राहिली. बाळाचं नाव धनश्री ठेवलं. घरात सगळे तिला हाका मारू लागले. सत्यशीला टाळ्या वाजवून, कल्याण जिभेने आवाज काढून, भीमाबाई तर नुसती शिवी देऊन. कधी ती मान वळवायची, कधी नाही. एवढ्या लहान बाळांचं असंच असतं, असं सगळे म्हणत. मी हाक मारली नाही. मारली आणि ती वळली नाही, तर त्याचं कारण माझी ती बारा मिनिटं.

काल तिला तीन महिने पूर्ण झाले. उद्या दवाखान्यात न्यायचं आहे. आज सकाळी सुकन्या तिला घेऊन ओसरीत उन्हाला बसली होती. मी खाकरून बाहेर आलो.

"नाना," ती म्हणाली, "सगळ्यांनी बघितलं. तुम्हीच राहिलात. मारा ना हाक."

"उद्या डॉक्टर बघतीलच."

"आज तुम्ही मारा."

मी बाळाच्या मागच्या बाजूला उभा राहिलो. "धनश्री," म्हणालो. ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

"नाना, असं पुटपुटून मला पण ऐकू येत नाही."

मी मोठ्याने म्हणालो, "धनश्री!" त्याच क्षणी रस्त्यावर कुणाची तरी मोटारसायकल सुरू झाली. तिने मान वळवली. सावकाश, डुगडुगत, माझ्या बाजूला.

"बघा!" सुकन्या म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मला मात्र ठरवता येईना. ती माझ्या हाकेने वळली की मोटारसायकलच्या आवाजाने. मोटारसायकल दूर जाईपर्यंत मी थांबलो. ओसरी शांत झाली. मग मी दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिलो आणि पुन्हा हाक मारली.